लतानं सांगितलं नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, ज्या मैत्रिणीला सगळं सांगते तिच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — ओळखीचं माणूस समोर असलं की याच एका गोष्टीला जीभ अडते.

मी प्रौढ बायांचे वर्ग घेते. वर्ग म्हणजे फळा आणि खडू नव्हे. आमच्या संस्थेत मला शिक्षिका म्हणत नाहीत, सुलभक म्हणतात. आपण कमी बोलायचं, प्रश्न विचारायचा, बायांना बोलू द्यायचं. त्यांच्याच बोलण्यातले शब्द उचलून तेच वाचायला-लिहायला शिकवायचे. मला ते चांगलं जमायचं. खोटं कशाला बोलू — मला त्याचा गर्व होता.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूल या गावाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमची बैठक भरायची. दुपारी, समाजमंदिरात. सुरुवातीला मी दर वेळी म्हणायचे, ‘इथलं बोलणं इथंच राहील.’ बायांना ते पाठ झालं होतं. त्यांच्यात सिंधू आणि लता होत्या. घरं शेजारी, भाताच्या रोवणीला दोघी एकाच बांधीत, म्हणजे एकाच खाचरात. सिंधू सही करताना ओठ दाताखाली धरायची आणि लता तिला हसायची.

एकदा बायांनी ‘जंगल’ हा शब्द निवडला. मी एक चित्र नेलं — झाडं सुरू होतात तिथं टोपली घेऊन उभी असलेली बाई. विचारलं, ही का थांबली असेल? मग काय, सगळ्या सुटल्या. वाघ दिसला असेल, गार्ड दिसला असेल, घरी नवरा पिऊन पडला असेल म्हणून जावंसं वाटत नसेल. खूप हसलो. सिंधू मात्र गप्प होती. बाकीच्या गेल्या, आम्ही तिघीच उरलो; लता आणि मी सतरंजी गुंडाळत होतो, तरी सिंधू चित्रापुढून हलेना.

मी तिला तसंच जाऊ द्यायला हवं होतं का? पण गप्प माणसाजवळ सांगण्यासारखं जास्त असतं, हे मी शिकले होते ना! मी विचारलं, “सिंधू, तुला काय वाटतं?”

“ताई, ते थांबली नाई,” ती म्हणाली. “ते पळून राह्यली.”

तिच्या सासूला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं, हे मला माहीत होतं. तेव्हा सिंधू नाल्यावर पाणी प्यायला गेली होती, असं सारं गाव जाणत होतं. ती नाल्यावर नव्हती. बाजूच्याच झाडाखाली होती.

“बुढीनं आवाज देल्ला मले. माह्या नावानं. मी पाह्यलं आन् पळाली. घरी सांगतलं, मी नाल्यावर होती म्हून.”

लतानं तिला पोटाशी धरलं. मीही रडले — ते रडणं खरं होतं, एवढं तरी मला वाटतं. ‘कोणाला सांगू नका’ असं सिंधू म्हणालीसुद्धा नाही. तिला त्याची गरज वाटली नाही.

पुढे चंद्रपूरला नव्या सुलभकांचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतरचं सत्र माझं. समोर माणसं पेंगत होती, मागच्या रांगेत संस्थेतली वरची मंडळी बसली होती, आणि माझं बोलणं पडत चाललं होतं. तेव्हा मी — कसं सांगू — एका चित्रानं माणूस कसं उघडतं, हे सांगायला मी सिंधू सांगितली. नाव बदललं. पण मोहफुलं, सासू, नाला? आमच्या भागात ओळखायला आणखी काय लागतं? पेंगणारी माणसं सरळ होऊन बसली. कुणीतरी डोळे पुसले. सत्र संपल्यावर एका मोठ्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

ऐकणाऱ्यांत सिंधूच्या नणंदेच्या गावची एक मुलगी होती.

महिना उलटायच्या आत गोष्ट सिंधूच्या घरी पोचली. नवऱ्यानं तिला मारलं नाही. तिच्या हातचं जेवणं सोडलं. नणंद येऊन अंगणात बसली आणि मोठ्यानं रडली, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

त्यानंतरच्या बैठकीला सिंधू आली. बसली नाही. थेट लतापुढे उभी राहिली.

“तूच सांगतलं. दुसरं कोन होतं तिथी?”

“माय शपथ, मी नाई सांगतलं वं!” लता उठली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुमीच सांगा ना हिले. मी असं करीन का?”

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला ठाऊक होतं. तोंडात वाक्य तयार होतं, एवढंसं वाक्य. आणि मी काय म्हणाले? “आपण इथं कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. दोघी शांत व्हा. आपण बोलून मार्ग काढू.”

हे असंच बोलायचं असतं. मला शिकवलेलं होतं. भांडणात सुलभकानं बाजू घ्यायची नसते. मी त्याच्याआड लपले, आणि माझ्या त्या समजुतीच्या आवाजानंच बायांची खात्री पटली — ताई लताला झाकून राह्यली.

सिंधूला माहेरी धाडलं, ब्रह्मपुरीकडे. लताला त्या वर्षी रोवणीच्या टोळीत कुणी घेतलं नाही. ती मिरची तोडायला तेलंगणात गेली, पुढे दर वर्षी जाऊ लागली. बैठक बंद पडली. अहवालात मी लिहिलं, ‘स्थलांतरामुळे.’

बऱ्याच वर्षांनी मूलच्या बसस्टँडवर लता भेटली. तिनंच हाक मारली. सिंधू तापानं गेल्याचं तिच्याकडून कळलं.

“तेरवीले गेली होती मी,” लता म्हणाली. “तिच्या पोरीनं पानी बी नाई इचारलं. जाऊ द्या. तुमी त्या दिवशी भांडन वाढू देल्लं नाई ताई, तेवढं बरं केलं.”

तिची बस लागली. मी तिची पिशवी वर चढवून दिली.

सिंधूची ती मुलगी आता वरोऱ्याला दिली आहे. सांगायचंच असं ठरवून मी तिच्या घरी गेले. तिनं मला खुर्ची दिली. म्हणाली, “माय नेहमी तुमचं नाव काढे. सही तुमीच शिकवली म्हने.” मग लताचं नाव न घेता म्हणाली, “त्या बाईनं माह्या मायले मारलं.”

तिनं चहा आणला, दुधाचा, आलं घातलेला. मी तो प्यायले. मुलं कितवीत आहेत ते विचारलं, आणि निघाले.