डावा गुडघा

त्या वर्षी आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम एकही मॅच हरली नाही, आणि मी जवळजवळ प्रत्येक मॅचला मनात म्हणायचे, आज हरू दे.

दुसऱ्याच मॅचमध्ये उडी मारून बॉल घेताना माझा डावा गुडघा आत वळला. कट् असा आवाज आला. कुणाला सांगितलं नाही. होस्टेलची खोली मला खेळाडू म्हणून मिळाली होती. खेळ सुटला की खोली सुटणार, आणि पाचोडहून रोज एसटीनं ये-जा करायला माझे वडील, आण्णा, पाठवणार नाहीत, असा माझा हिशेब. "घरी बसून बाहेरून परीक्षा दे," म्हणाले असते.

मग रोज सकाळी दार लावून पट्टी आवळायची, वरून नी-कॅप चढवायची आणि हसत ग्राउंडवर जायचं. एक मॅच हरलो की स्पर्धा संपणार आणि गुडघा सुटणार, पण आम्ही जिंकत गेलो. गेटवर बॅनर लागलं. आण्णांनी त्याचा फोटो सगळ्या भावकीला पाठवला. इकडं मला कठड्याला धरल्याशिवाय जिना उतरता येईना.

सेमीफायनलनंतर रूममेटनं सुजलेला गुडघा पाहिला. ती आमच्याच टीममधली, शहरातली. "पागल है क्या तू? सरांना सांग, नायतर मी सांगते."

सांगितलं. आमचे कोच सर म्हणाले, "फायनलपुरतं काढ. नंतर बघू." माणूस वाईट नव्हता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फायनलला पोचला होता.

फायनलच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही चार पॉइंटनं मागं होतो. मी बास्केटखाली उडी मारली आणि हवेतच मला खाली यायची भीती वाटली. शिट्टी वाजली तशी हात वर करून मी चालत बाहेर आले.

"कुठं चाललीस?" सर ओरडले.

"बस झालं, सर. आता नाय होत."

माझ्या जागी फर्स्ट इयरची मुलगी गेली. टीम दोन पॉइंटनं जिंकली. सगळ्या नाचत होत्या, मी बाकावर बर्फ धरून बसले होते. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

खोलीचं विचारायला भीत भीत रेक्टर मॅडमकडं गेले. "खोली वर्षभराची असते गं. काढतात असं कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी आण्णा आले. कॉटजवळ स्टूल ओढून बसले. "लई दुखत व्हतं का?"

"व्हय," मी म्हणाले, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच मोठ्यानं रडले.