लाल-हिरव्या टमाट्यांची घाई

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. चहा थंड व्हायच्या आत माझा मूर्खपणा सांगून मोकळा होतो.

मी फार शिकलो नाही. जबलपूरच्या फॅक्टरीत आयुष्यभर हातोडा चालवला आणि पनागरला तुकडाभर शेत घेतलं. मुन्नालाल ते बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसतो. पण त्या तुकड्यावर माझा जीव!

परवा सकाळी खिशातला मोबाइल टिकटिकला. चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. 'लाल-हरा सब मिल गया! समय रहते अलग करो, वरना खेत हाथ से जाएगा!'

माझं शेत? हातचं जाणार?

मुन्नालालला फोन लावला. उचलेना! घोटाळा नक्की.

"काहून ओरडून राहिले?" बायको स्वयंपाकघरातून.

"शेत चाललं!"

"कुठं चाललं?"

काठी घेतली, ऑटो पकडला. वाटेत परत टिकटिक. 'समय निकल रहा है!'

"भैया, भगाओ!"

"बाबूजी, ऑटो है, हवाई जहाज नहीं."

शेतावर पोचलो. बांधाशी टमाट्यांचा ढीग. लाल, हिरवे, सगळे एकत्र! मग निरोप खरा की नाही? तुम्हीच सांगा!

"मुन्नालाल! लाल-हरा अलग करो! जल्दी!"

"काहे, बाबूजी?"

"खेत चला जाएगा!"

बिचारा घाबरला. घरच्या सगळ्यांना घेऊन ढिगाला भिडला. मीही पँट वर करून बसलो. लाल इकडे, हिरवे तिकडे. घामानं निथळलो, पण ढीग संपवला. तेवढ्यात नातीचा, पिंकीचा फोन.

"आबा, कहाँ हो? आजी परेशान है."

"शेत वाचवून राहिलो! लाल-हिरवे टमाटे वेगळे केले."

पलीकडून खो खो हसू.

"आबा, वो तो मेरा गेम है! कल आपके मोबाइल में डाला था. टाइम खत्म, तो गेम वाला खेत गया."

"अन् आपलं?"

"अपना कहाँ जाएगा?"

मटकन बांधावर बसलो. मूठभर माती उचलून पाहिली. आपलीच होती. इतकं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"बाबूजी, खेत बच गया?" मुन्नालालनं विचारलं.

"बच गया," मी ताठ मानेनं म्हणालो. खरं सांगतो की काय त्याला!

"तो अब वापस मिला दें? व्यापारी ने मिला-जुला माल माँगा है. लाल आज बेचेगा, हरा दो दिन बाद."

सगळ्यांना घरी पाठवलं, काठी बाजूला ठेवली आणि मिसळायला एकटाच परत खाली बसलो.

पिंकी म्हणते, रंग वेगळे करायचे गेम ढीगभर आहेत, मिसळायचा तिनं अजून पाहिला नाही. तिला म्हणावं, मी खेळून आलो. अख्खा ढीग, अन् एकट्यानं!