भिंतीवरची बाई कोणावर ओरडून राह्यली?

चहा घ्या पहिले. बिस्किटं बी घ्या. कारण आता जे सांगणार आहे ना, ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचं काही घ्याल का नाही, भरवसा नाही. असा घोळ घातला बापा मी या दिवाळीच्या आधी, का अजून आठवलं तरी घास उतरत नाही!

आमची कॉलनी यवतमाळात, लोहाऱ्याकडं जाणाऱ्या रोडवर. मधात मोकळं मैदान अन् मैदानाले भिंत. त्या भिंतीवर आजवर काय होतं? ट्यूशन क्लासच्या जाहिराती. 'येथे कचरा टाकू नये' अन् त्याच्याच खाली कचरा.

एक दिवस सकाळी पाहते तं भिंतभर चित्र! एक बाई. नुसतं डोकं अन् खांदे, पण माणसापेक्षा उंच. मागं अंबाडा, कपाळावर मोठं कुंकू, डोळे मिटलेले. तोंड हे एवढं उघडं, अन् एक हात वर, पंजा पुढं.

काढलं होतं आमच्या शेजारच्या मुक्तानं. नागपूरले चित्रकला शिकून आलेली पोरगी. आई गेल्यापासून घुमी झालती, म्हणून मलेच बरं वाटलं. चला, पोरीनं हातात ब्रश तं घेतला!

अन् तुम्हाले तं माहीत आहे, मले कोणत्याही गोष्टीचा अर्थ सांगाची किती हौस! भिशीच्या बायांले घेऊन गेली मी भिंतीपाशी. म्हटलं, "हे चित्र असं वरवर नाही पाहाचं. ही बाई म्हणजे समस्त बायांचा दबलेला आवाज. आता बाहेर पडून राह्यला!"

"अन् हात काहून वर केला?" एकीनं विचारलं.

"थांबा म्हणून राह्यली. अन्यायाले म्हणते, थांबा!"

सगळ्या माना डोलवून राह्यल्या. मी तं फुगून टम्म. तेवढ्यात समोरची मंगला म्हणते, "का वं कुमुद, मले तं ही तूच दिसून राह्यली. कचरागाडी थांबवून राह्यली!"

बाप रे, काय हसल्या साऱ्या! मी बी हसली. दात दाखवून हसली. पण घरी आली अन् आरशापुढं उभी राह्यली. अंबाडा? आहे. कुंकू मोठं? आहे. तोंड उघडून पाह्यलं. हुबेहूब!

आता माझा आवाज मोठा आहे, हे मी कुठं नाकारते? कुकरची शिटी अन् माझा आवाज सोबत निघाला तं शिटी वाया जाते, असं आमचे हे म्हणतात. पण म्हणून भिंतीवर काढाचं?

यांनाच विचारलं. "तुम्हाले काय दिसते हो त्या चित्रात?"

हे पेपराच्या मागून म्हणाले, "रंग पक्का दिसते."

"बाई कोणासारखी दिसते?"

"बाई? बाई... बाईसारखी दिसते. चहा ठेव ना."

सांगा! इतक्या वर्षांच्या संसारात घाबरून दिलेलं उत्तर मले ओळखता येत नाही?

मग काय, मले जिकडंतिकडं तेच. कोणी भिंतीपाशी उभं राहून फोटो काढला, माझ्यावर हसून राह्यले. कोणी नाही काढला, तरी मनातून हसून राह्यले. अन् कहर म्हणजे वणीहून भाचीचा फोन, "मावशी, तू भिंतीवर आली म्हणे!" वणीले! कोळशाचा ट्रक तिकडून इकडं याले अर्धा दिवस लावते, अन् माझी बदनामी इकडून तिकडं पोचली बी!

दूध घ्याले गेली तं डेअरीवर मुक्ताच भेटली. म्हटलं, सरळ विचारून घ्यावं. पण सरळ विचारते कोण? "चित्र चांगलं काढलं वं. कोणाचं होय?"

पोरगी हसली. म्हणते, "तुम्हीच ओळखा ना काकू. तुम्ही नाही ओळखणार तं कोण ओळखीन?"

झालं! याच्यापेक्षा कबुली म्हणजे आणखी काय असते? हातातलं दूध मी घरी कसं आणलं, माझं मलेच माहीत.

चार दिवसांनी मुक्ता कामानं नागपूरले गेली. इकडं आमच्या घरी दिवाळीचा रंग चालू. मी आमच्या रंगाऱ्याले म्हटलं, "बादली उचल अन् चाल माझ्यासोबत."

भिंतीपाशी आल्यावर तो बिचारा म्हणते, "काकू, चांगलं चित्र आहे हो. कायले पुसता?"

"काम कोणाचं करून राह्यला? माझं का चित्राचं?"

पहिल्या हातात अंबाडा गेला, कुंकू गेलं. तोंड काही जाईना! दुसरा हात मारला, तरी ते पांढऱ्यातून डोकावतेच. "मार आणखी एक हात!" मी हात वर करून ओरडली. मंगला गॅलरीतून सारं पाहून राह्यलती. पुढं म्हणाली, "तेवढ्या दोन मिनिटांत कॉलनीनं अस्सल अन् नक्कल सोबत पाह्यली."

तिसऱ्या हातात भिंत पांढरीफट. काय हलकं वाटलं सांगू! रंगाऱ्याले आल्याचा चहा पाजला. चिवडा बी दिला.

दोन दिवसांनी मुक्ता आली. ऑटोतून उतरली अन् खांद्यावरची बॅग न ठेवता भिंतीपुढं उभीच राह्यली. मी तयारीतच होती. भांडणाची वाक्यं पाठ करून ठेवलती. पदर खोचला अन् गेली.

ती माझ्याकडं वळली. "काकू," ती म्हणाली, "माझी आई कोणी पुसली?"

"कोण आई?"

"आई ओ. भिंतीवरची."

सिंधू. मुक्ताची आई म्हणजे माझी सिंधू. अंबाडा तिचा बी, मोठं कुंकू तिचं बी. लग्न होऊन या कॉलनीत आल्यापासूनची माझी मैत्रीण. मागच्या वर्षी गेली.

मी म्हटलं, "पण... ती बाई तं ओरडून राह्यलती."

"ओरडून कुठं काकू? हसून राह्यलती! तुम्ही संध्याकाळी इथं बसून गोष्टी सांगाच्या ना, अन् आई हात वर करे, 'बस कर कुमुद, पोट दुखते माझं.' विसरल्या?"

विसरली नव्हती हो. तेच तं! सिंधूचे पुढचे दात थोडे पुढं होते. फोटो काढाची वेळ आली का बाई ओठ गच्च मिटून बसे. लग्नाच्या फोटोत बी अशी बसली, जशी कोणाच्या मयतीले आली. तिचं हसणं एका फोटोत नाही. होतं ते दोन डोक्यांत, एक माझ्या अन् एक पोरीच्या. पोरीनं ते कसंबसं भिंतीवर उतरवलं, अन् मी त्याच्यावर डिस्टेंपरचे तीन हात मारले. काहून? तं मले तिथं मीच दिसून राह्यलती!

"मीच पुसली," मी म्हटलं.

"काय?" तिनं विचारलं. ऐकूच आलं नव्हतं तिले. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज कोणाले ऐकू आला नाही, अन् ते वाक्य मले दुसऱ्यांदा म्हणा लागलं.

मले वाटलं, आता ही ओरडीन. ओरडली असती तं बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मले एकदा विचाराचं तं काकू." अन् घरात गेली.

दिवाळीत तिच्याकडं फराळाचा डबा नेला. तिनं घेतला. रिकामा डबा ती परत द्याले आली, तेव्हा मी विषय काढला, "पुन्हा काढता येईन का वं?"

"पाहते," म्हणाली.

पाह्यलं तिनं. त्यांच्या अंगणात वही घेऊन बसे, मी समोर. काढे अन् खोडे. डोळे येत, तोंड येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "काकू, ती काकांची गोष्ट सांगा ना. राळेगावची. आई त्या गोष्टीवर लै हसे."

मी सांगाले लागली. आमचे हे राळेगावच्या लग्नाले निघाले अन् झोपेच्या तंद्रीत भलत्याच एसटीत बसले. उतरले तिथं बी एक मांडव होता. गेले आत. जेवले. नवरदेवाच्या मामाले मिठी मारली. आहेर लिहून दिला, अन् वरून नवरीच्या बापाले म्हणतात, "पोरगी एवढी कशी बदलली हो?" तं तो म्हणते, "बदलली नाही, पाव्हणे, तुम्ही कोण?"

मुक्ता हसली. पहिले थोडी. मग डोळे मिटले, मान मागं गेली, तोंड हे एवढं उघडलं, अन् हात वर. "बस करा काकू! पोट दुखते!"

सिंधू! माझ्यासमोर, जशीच्या तशी!

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? गप बसली असती. डोळे भरून पाह्यलं असतं. मोबाईल होता हातात, हळूच फोटो काढला असता.

मी काय केलं? मी उठून, जीव खाऊन ओरडली, "हेच! हेच ते! हलू नको पोरी, तशीच राय!"

पोरगी दचकली. पेन्सिल खाली पडली. तोंड मिटलं, हात खाली आला.

"गेलं काकू," ती म्हणाली.

भिंत अजून पांढरीच आहे. सिंधूले मी दोनदा पुसलं हो. एकदा डिस्टेंपरनं, अन् एकदा या तोंडानं.