गजर होईपर्यंत

केदारने माझा मोबाइल वायरीतून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "स्पीकर नवे आहेत गं. यांच्यावर असलं काही नको."

सगळे हसले. मीही हसले. हसले नसते तर काय केलं असतं? मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि समोरच्या बशीतला काजू तोंडात टाकला. केदारच्याच कारखान्यातला.

वेंगुर्ल्याला केदारचं घर. आम्ही पाच जण कुडाळच्या कॉलेजात एकत्र शिकलेले. महिन्यातून एका रविवारी त्याच्याकडे जमायचं, प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकेक लावायचं आणि बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं. कुणाचं अर्ध्यावर थांबवायचं नाही, हा नियम. तो त्यांनीच केलेला. इतकी वर्षं माझी पाळी आली की मी त्यांना चालेल असं काहीतरी लावायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला आवडतं ते लावलं. डबलबारी.

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. समोरासमोर दोन मंडळं, दोन पेट्या, दोन पखवाज, मागे झांजा घेऊन कोरस. एक बुवा आपल्या बारीत, म्हणजे पाळीत, गाण्यातूनच दुसऱ्याला डिवचतो, दुसरा आपल्या बारीत त्याची परतफेड करतो. चाली कधी सिनेमाच्या असतात. असतात, मान्य आहे. लोक हसतात, शिट्ट्या मारतात. मग गजर येतो. एकच ओळ घेऊन लय वाढवत न्यायची, गाणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं भान सुटेपर्यंत. मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीत देवळातल्या चटईवर बसून मी लहानपणापासून हे ऐकत आले. गजराला माझ्या अंगावर काटा येतो. अजून येतो.

मित्रांना हे ठाऊक होतं. म्हणून तर माझं नाव त्यांनी 'बुवा' ठेवलं होतं. बुवा आले, सांभाळा आता. मी चिडायचे नाही. चिडलं की आणखी हसायचे. मृणाल आमच्यातली शास्त्रीय शिकलेली. तिने एकदा मला जवळ बसवून समजावलं होतं की त्यात सूर कुठे असतो, नुसती आरडाओरड असते. त्याच मृणालने मागच्या खेपेला कुठल्याशा परदेशातल्या खेड्याचं गाणं लावलं होतं. ढोल, टाळ्या, एकाने ओरडायचं आणि बाकीच्यांनी ओरडून उत्तर द्यायचं. सगळे डोळे मिटून बसले होते. संपल्यावर केदार म्हणाला, किती रॉ आहे हे. त्यांचं ओरडणं रॉ. आमचं ओरडणं म्हणजे ओरडणं. तेव्हाच बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या वाडीच्या मंडळात कोरसला असायचा. पोटासाठी टेम्पो चालवायचा. बुवा कधी झाला नाही, त्याला व्हायचंही नव्हतं. मागे बसून झांज वाजवायची आणि बुवांची ओळ उचलून धरायची, यातच तो खूश. गेल्या पावसात लावणीच्या दिवसांत त्याला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला. शेतातल्या पाण्यातून होणारा लेप्टो होता. दादा गेला.

मी लावलेलं रेकॉर्डिंग त्याच्या शेवटच्या डबलबारीचं. गजर रंगात आलेला असताना बुवांचा आवाज बसतो आणि मागून एकटा दादा ओळ धरतो. थोडाच वेळ. मग बाकीचे येऊन मिळतात. अनोळखी माणसाला ते कळायचंही नाही. मला कळतं. आईला कळतं.

दादा गेला तेव्हा हे सगळे मित्र भेटायला आले होते. पण या रेकॉर्डिंगमध्ये तो आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मुद्दामच. त्यांनी दया दाखवावी म्हणून मी ते नेलं नव्हतं. मला आवडणारं गाणं त्यांनी एकदा गाणं म्हणून ऐकावं, एवढंच हवं होतं. केदारने गजर यायच्या आधीच बंद केलं. दादाचा आवाज आलाच नाही.

घरी पोचले तर आई दारापुढच्या खळ्यात वाट बघत बसलेली. मी काय घेऊन गेले होते ते तिला माहीत होतं.

"आयकवलंस त्येंका?"

"होय. पण पुरा आयकूक नाय त्येंनी."

आई म्हणाली, "गजरापर्यंत तरी थांबाक व्हया होता." आणि भात बघायला आत गेली. मी न्हाणीत जाऊन रडले.

पुढे मंडळातल्या कुणीतरी तेच रेकॉर्डिंग दादाच्या फोटोसकट फेसबुकवर टाकलं. मृणालने पाहिलं. तिचा फोन आला.

"सांगायचंस ना गं," ती म्हणाली. "दादाचा आवाज आहे हे माहीत असतं तर हसलो असतो का आम्ही?"

ती रडत होती, आणि मनापासून रडत होती. मीच तिची समजूत काढली. फोन ठेवल्यावर मात्र तिचं ते बोलणं डोक्यातून जाईना. भात ढवळताना तेच, ऑफिसात बसून तेच. माहीत असतं तर हसलो नसतो. म्हणजे परक्या माणसाचा आवाज असता तर हसणं बरोबर होतं.

पुढच्या महिन्यातल्या आमच्या रविवारी गेले. सगळे सुतकात भेटायला आल्यासारखे बसले होते. काजूची बशीसुद्धा नव्हती. केदारने वायरीचं टोक माझ्यापुढे धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आज पहिलं दादाचं. पूर्ण ऐकायचं."

"आणि दादाचा आवाज नसता तर?" मी विचारलं.

केदार म्हणाला, "तो वेगळा मुद्दा आहे."

"माझो तोच मुद्दो आसा."

त्या घरात मी कधी मालवणी बोलले नव्हते. ठरवून बोलले नाही, तोंडातून आलं. वायर केदारच्या हातातच राहिली. मी चपला घातल्या. मृणाल फाटकापर्यंत मागे आली. "बुवा, असं नको ना करू," म्हणाली. सवयीने म्हणाली. मी थांबले नाही.

मला त्यांची आठवण येते. खोटं कशाला सांगू? रविवार जाता जात नाही. दादा नाही आणि आता तेही नाहीत. मृणालचे फोन अजून येतात, मी उचलत नाही. उचलला तर विरघळेन, हे मला माहीत आहे.

पण दादा मेला म्हणून त्याच्या गाण्याला मिळणारा मान मला नको. दादा कोरसमधला एक होता. त्याच्या बाजूला बसणारे अजून आहेत, गातात, आणि त्यांच्यावर हसायची या लोकांना अजून मोकळीक आहे. त्यांना वगळून एकट्या दादासाठी मी काही घेणार नाही.

माझा मोबाइल आता कुणाच्या वायरीला लागणार नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने आमच्या देवळात यावं. चटईवर बसावं. आमच्या भोंग्यावर जसं ऐकू येतं तसं ऐकावं. आवडलं नाही तर तोंडावर सांगावं, मी भांडेन. पण गजर होईपर्यंत उठायचं नाही. जो आधी उठेल, त्याने मला मैत्रीण म्हणू नये.