साळवेबाईंची सुई

नगरात सुई टोचणारे डॉक्टर रग्गड होते, पण टोचण्याआधी स्वतःची चूक सांगणाऱ्या एकट्या साळवेबाई. पेशंट टेबलावर आडवा झाला की त्या स्टूल ओढून त्याच्या तोंडासमोर बसत. "आधी ऐकून घ्या. एका बाईच्या पाठीतली गाठ सोडवायला मी नुसत्या अंदाजानं सुई घातली हुती. फुप्फुसाला लागली. बाई वाचली, पण तिचा ऊसतोडीचा हंगाम बुडाला. आता बोला, टोचू का नको?" हे ऐकून निम्मे पेशंट आडवेच्या आडवे दाराबाहेर सरपटत जायचे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर एकच पळाला. तो मी.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोर्टाबाहेर मी टायपिंग करायचो. माझ्या उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली अशी गाठ बसली होती की तिचा वेगळा सातबारा निघाला असता. तेल झालं, विटेचा शेक झाला, मूठमूठ गोळ्या झाल्या. हात मशीनवर टिकेना, आणि वकील मंडळी कागद घेऊन गुपचूप शेजारच्या टायपिस्टकडे सरकू लागली. पंधरा दिवसांत मी मुकाट्याने बाईंकडे परतलो. जी बाई आपली चूक सांगते, ती माझ्यापासून काय लपवणार?

बाई मूळच्या जामखेडकडच्या. एवढ्या शिकल्या, पण बोली सोडली नाही. दवाखाना सोनोग्राफीचा, त्यामुळे रांगेत सगळ्या पोटुशा बाया आणि मधे मी. एका म्हातारीने विचारलंच, "भाऊ, कितवा म्हैना?"

"आज्जी, सात वर्षांचं दुखणं आहे. आता शाळेत घालायचं!"

यकृतातला पू बाई सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून सुईने काढत. पाठीला मात्र त्या चुकीनंतर त्यांनी सुई लावली नव्हती. पडद्यावर बघून पाठीतही जमेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पहिला मी. गार जेली लावून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ही राखाडी पट्टी तुमचा स्नायू. खालची चमकती रेघ श्वासासंगं सरकतीय, तिथं फुप्फुस. सुई रेघेच्या वरच थांबनार. टोक दिसलं न्हाई तर भाईर काढनार." आणि एकदा खरंच काढली. पंख्याखाली त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. दुसऱ्या वेळी गाठ आतल्या आत फडफडली आणि सैल पडली.

"पिकाची काढत्यात तशी दुखन्याची आनेवारी सांगा," बाई म्हणाल्या. "सोळा आन्यांतलं किती गेलं?"

"सोळाच्या सोळा!" मी ठोकून दिलं. सवयच ती.

बाईंचा चेहरा असा उजळला की मलाच कसंतरी झालं. त्या नर्सला म्हणाल्या, "पारूबाईला उद्या बोलाव. तिला सांग, यंदा मोळी उचलशील." पारूबाई म्हणजे तीच, फुप्फुसाला सुई लागलेली. पाठ अजून धरलेलीच, आणि इतकी वर्षं बाई तिला नुसत्या गोळ्या देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलो. दुखणं कमी होतं, पण होतं. अर्ध्या पानावर हात थांबला. आयुष्यात थापा मी ट्रकने वाटल्या, पण या थापेवर एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेणार होती. तसाच दवाखान्यात पळालो. पारूबाई टेबलाशी उभी होती.

"बाई, खोटं बोललो. सहा आणे."

बाई मला झापतील म्हणून मी मान खाली घातली. त्या पारूबाईकडे वळल्या. "ऐकलंस? सहाच आने. तेवढं बी उतरंल का, सांगता येत न्हाई. मोळी न्हाई उचलायची."

"डोईवर हंडा चढला तरी लई झालं," पारूबाई म्हणाली आणि पालथी पडली.

बाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "आधी ऐकून घे. एका बाईच्या पाठीत मी..." त्यांनी सवयीने सुरू केलं. ती बाई समोरच पालथी होती.

पारूबाईने हात लांबवून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "डाक्टरीनबाई, माझ्या तोंडाकडं नगा बघू. त्या पडद्याकडं बघा."