वाल्दिर शीफूचा हात

वाल्दिर शेफरला चीनमधल्या डोंगगुआनमध्ये सगळे शीफू म्हणत, म्हणजे उस्ताद. चिनी कामगार मानाने म्हणत. आम्ही ब्राझीलवाले आधी थट्टेने म्हणायला लागलो आणि मग तेच नाव तोंडात बसलं. आमच्या नोवो हांबुर्गोत निम्मं गाव बुटांवर जगायचं. कारखाने एकामागून एक बंद पडले, काम चीनला गेलं आणि कामामागोमाग आम्हीही आलो. इथल्या होउचिए भागात आमचं गाव पुन्हा भरलं होतं. रविवारी गच्चीवर मांस भाजायचं, माते नावाच्या पानांचा कडू काढा एकाच नळीने आळीपाळीने प्यायचा आणि चिनी लोकांना नावं ठेवायची. त्यांच्याच जिवावर आपली चूल पेटते, हे सोमवारपर्यंत कुणाला आठवायचं नाही.

वाल्दिर त्या कुचाळक्यांत नसायचा. त्याची चिनी भाषा मोडकीतोडकी होती, पण शिव्या अस्सल होत्या, त्यामुळे कारखान्यात त्याचं कुठे अडलं नाही. चौदा वर्षं एकच काम, माल जहाजावर चढण्याआधी प्रत्येक बूट तपासायचा. मी त्याच्या हाताखाली होते. मला या धंद्यात जे काही येतं ते त्यानेच शिकवलं, आणि शिकवताना डोक्यात टपल्याही मारल्या.

उंच टाचेचा बूट फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवताना आतला सोल तीन बारीक खिळ्यांनी ठोकून ठेवतात. नंतर ते खिळे उपटायचे असतात. एखादा राहिलाच, तर फर्मा काढल्यावर त्याचं टोक बुटाच्या आत उभं राहतं. धातू शोधणाऱ्या यंत्राला ते सापडत नाही, कारण टाचेपाशी लोखंडी पट्टी असतेच आणि यंत्र प्रत्येक बुटाला बोंबलतं. म्हणून शेवटी माणसाचा हात. वाल्दिर डोळे मिटायचा, तीन बोटं आत सरकवायचा आणि पुढचा बूट घ्यायचा. तपासणीच्या कागदावर त्याची सही, त्याखाली माझी.

त्या हाताचं काहीतरी बिघडलंय हे मला कळलं होतं. वयाच्या चौदाव्या वर्षापासून चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यात बुडालेली ती बोटं. एका रविवारी त्याने उकळती किटली मूठ सोडून पोटालाच धरून उचलली आणि बोलत राहिला. कातडी लाल झाली तरी याचं बोलणं सुरूच. सदऱ्याची बटणं त्याला लावता येईनाशी झाली, तेव्हा तो गळ्यातून घालायचे शर्ट घालायला लागला. मी पाहिलं आणि गप्प बसले. इथे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. चोपन्नाव्या वर्षी तो परत कुठल्या कारखान्यात जाणार होता? तिकडे कारखाने उरलेत कुठे? हे झालं त्याच्यासाठी. माझ्यासाठी कारण साधं होतं. त्याची सही खोटी ठरली, तर खालची माझीही ठरणार होती.

एप्रिलमधला मंगळवार होता. बाराशे जोड खोक्यांत भरून होत होते आणि संध्याकाळी सहाच्या आत कंटेनर बंदरावर पोचायला हवा होता. अकराच्या सुमाराला खोके भरणारी छिनताई बुटात कागद कोंबताना एकदम हात मागे घेऊन म्हणाली, "अगं बाई, यात खिळा आहे."

कारखान्याचे मालक लिआव धावत आले. त्यांनी बूट उलटसुलट पाहिला, खोक्यावरची वाल्दिरची खूण पाहिली आणि सरळ मुकादम तानकडे वळले. "तान, तुझ्या लोकांना खिळे उपटता येत नाहीत का? उचल तुझं सामान."

तान अकरा वर्षं तिथे होता. बायको त्याच्याच उत्पादनाच्या ओळीवर शिवणाला. तो हळू आवाजात म्हणाला, "मालक, एखादा खिळा राहतो. राहतो म्हणूनच तर पुढे शीफू बसलेत. या बुटात शीफूंचा हात गेलाय."

"शीफूंचा हात चौदा वर्षांत चुकला नाही. तूच हा बूट मागाहून सरकवला असशील."

"मी कशाला असं करू?"

"मग काय शीफू खोटे?"

तानने गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. शिवणाची यंत्रं थांबली होती. वाल्दिरने फक्त गप्प राहायचं होतं. तान गेला असता, कंटेनर गेला असता आणि वाल्दिर राहिला असता. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बोलू नकोस. मला आजही त्याची लाज वाटते, पण मी तेच म्हणत होते.

वाल्दिर उठला. "मालक, तो बूट इकडे द्या."

"शीफू, तुम्ही कशाला..."

"द्या म्हणतो ना."

त्याने नेहमीसारखे डोळे मिटले आणि बोटं आत सरकवली. टाचेपासून पुढे, पुढून मागे, दाबून, सावकाश. "कुठे आहे खिळा?" त्याने विचारलं.

त्याने पुन्हा बोटं फिरवली. शेवटी छिनताई रडवेल्या आवाजात म्हणाली, "शीफू, पुरे. हात काढा बाहेर."

त्याने हात काढला. मधलं बोट फाटलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. आमची तोंडं पाहून मग त्याने हाताकडे पाहिलं.

"हे असं आहे, मालक," तो म्हणाला. "तानचा पट्टा त्याला परत द्या."

"कधीपासून?" लिआवांनी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

मग ते माझ्याकडे वळले. "नेइवा, तू रोज शेजारी बसतेस. तुला माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत वाल्दिर म्हणाला, "तिला काय माहीत असणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

मी खाली मान घातली आणि ते तसंच राहू दिलं.

सगळे खोके पुन्हा फोडले. ओळीवरचे सगळे जण जमिनीवर बसून बुटांत हात घालत होते. आणखी चार खिळे निघाले आणि जहाज चुकलं. दोन वर्षांत आम्ही सही करून पाठवलेल्या मालाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. महिन्याभरात वाल्दिर गावी परतला. निरोपाच्या जेवणाला आमच्या लोकांपेक्षा ओळीवरचे चिनी जास्त होते, आणि त्याच्या ताटातलं मांस तान कापून देत होता.

त्याची जागा मला मिळाली. पहिल्या दिवशी तानने बुटांचा ट्रे माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

"नेइवाबाई, एक विचारू? त्या दिवशी शीफू बोलले नसते, तर तुम्ही बोलला असतात?"

मी पहिला बूट उचलला आणि आत हात घातला. तान आपल्या कामाला गेला.