उजेड किती आला ते बघा

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. काहीतरी घडतं, आपण वैतागतो, घरी जाऊन नवऱ्याला सांगतो, आणि तो म्हणतो, "मागच्या बॅचलाही असंच काहीतरी झालं होतं ना?" माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात मी नॅनोकण मोजायचं मशीन सांभाळते आणि अधूनमधून बाहेरच्यांना ते हाताने चालवायला शिकवते. त्यात मी चिडकी. त्यामुळे माझ्याकडे किस्से जरा जास्तच साठलेत. हे सगळे एकाच बॅचचे.

मशीन काय करतं ते आधी सांगते, जरा सहन करा. पाण्यात इतके बारीक कण असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्यांच्यावर लेझर सोडायचा. कण सतत थरथरत असतात, बारके जोरात, मोठे आळसावून. त्यांच्या अंगावरून उडालेला उजेड तसाच लुकलुकतो आणि त्यावरून मशीन आकार काढतं. बस, एवढंच. बाकीचे घोळ माणसं घालतात.

बॅचला तिघंच होते. ओंकार गिरगावचा, पीएचडी करतोय, कायम घाईत. केळकरकाका लालबागचे, रंगाच्या कंपनीतून रिटायर झालेले, "घरी बसून काय करू" म्हणून आलेले. आणि वैशालीताई परब, करी रोडच्या. एमएस्सी केमिस्ट्री, पण सासऱ्यांचं आजारपण आणि मुलगी यात नोकरी कधीच सुटलेली. आता एका छोट्या कंपनीच्या मालकाने त्यांना सांगितलं होतं, हे मशीन शिका, आमचा जंतू मारायचा चांदीचा स्प्रे मोजून दाखवा आणि सोमवारी जॉइन व्हा. "मॅडम, या वयात दुसरं कोणी घेणार नाही मला," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. रडत वगैरे नाही, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

*

सॅम्पल ज्या छोट्या पारदर्शक डबीत भरतात तिला क्युव्हेट म्हणतात. तिच्यावर बोटाचा डागसुद्धा चालत नाही. ओंकारने ती धुतली आणि टी-शर्टने आतून-बाहेरून मस्त पुसली. आकडा आला हा एवढा.

"मॅडम, माझे कण वाढले," तो खूश.

"तुझे कण होते तेवढेच आहेत. हा तू टी-शर्ट मोजलायस."

दुसऱ्या दिवशी तो कोरा टी-शर्ट घालून आला. म्हणे, "आज चालेल ना?"

*

केळकरकाकांनी घरून रंगाचा नमुना आणला होता, दुधासारखा दाट. दाट सॅम्पलमध्ये उजेड एका कणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर आपटत बसतो आणि आकडा खोटा येतो. मी म्हटलं, पाणी घाला.

"अजून?"

"अजून काका."

शेवटी त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. "बाई, रंगात पाणी घालणाऱ्यांना मी आयुष्यभर झापलं. आता रिटायर झाल्यावर तुम्ही माझ्याच हातून ते पाप करून घेताय."

आकडा चोख आला. काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. "म्हणजे गर्दीत कोण केवढा ते कळत नव्हतं," ते म्हणाले. "लालबागला राहून मला हे आधीच कळायला हवं होतं."

*

क्युव्हेट आत ठेवली की तापमान जुळेपर्यंत थांबावं लागतं. ओंकारला ते जमेना. सारखं झाकण उघडायचा. "भात शिजला का बघतोयस?" मी ओरडले. वैशालीताई मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. मी त्यांचं कौतुक केलं तर म्हणाल्या, "मॅडम, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी सांगितलं की काही करू नका, नुसत्या बसा."

*

यातलं सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे मोठा कण. दहापट मोठा कण दहा लाख पट उजेड फेकतो. धुळीचा एक ठिपका आत गेला की हजारो बारके कण असून नसल्यासारखे.

"आमचे डायरेक्टर तसेच होते," केळकरकाका म्हणाले.

सगळे हसले. वैशालीताई हसून झाल्यावर म्हणाल्या, "घरातही होतं असं. एक मोठं दुखणं आलं की बाकीचे कोणाला दिसतच नाहीत." मला वाईट वाटलं. मी सगळ्यांना चहाला पाठवलं.

*

शुक्रवारी दुपारी वैशालीताईंनी पिशवीतून तो स्प्रे काढला. लेबलवर लिहिलं होतं, ऐंशी नॅनोमीटर चांदी. मोजलं तर तीनशे आलं. परत मोजलं, बारा. परत, नऊशे.

"घेत राहा ताई, कधीतरी ऐंशीच्या जवळ येईल. तोच द्या," ओंकार म्हणाला. पोरगा वाईट नाही. त्याला त्यांची नोकरी दिसत होती. मलाही दिसत होती.

हे मशीन 'माहीत नाही' असं कधी म्हणत नाही. नुसतं पाणी ठेवलं तरी कसला ना कसला आकडा देतंच. म्हणून उजेड किती आला ते बघायचं असतं. वैशालीताईंनी ते बघितलं. स्प्रेमधून आलेला उजेड साध्या गाळलेल्या पाण्याइतकाच होता. मशीन बिघडलं असेल म्हणून मी माहीत असलेल्या आकाराचे कण ठेवून पाहिले. बरोबर आले. त्यांनी दुसरी सीलबंद बाटली उघडली. तेच. आत चांदी नव्हतीच.

"आज काही कळवू नका," मी म्हटलं. "सोमवारी जॉइन व्हा, मग सावकाश सांगा." अगदी मनापासून म्हटलं हो.

"जॉइन झाले की रिपोर्टखाली सही माझी असणार, मॅडम."

हातात ग्लोव्हज होते म्हणून त्यांनी ओंकारला मालकाला फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगितलं. केळकरकाका उगाच चष्मा पुसायला लागले.

"बोला परब मॅडम. ऐंशी आला ना?"

"नाही सर. दोन्ही बाटल्यांत चांदी नाहीये. पाणी आहे."

"नीट मोजलंत?"

"हो सर. परत परत मोजलं."

"आधीचा मुलगा दर महिन्याला ऐंशी द्यायचा."

"त्याने कसं मोजलं मला माहीत नाही. मला जे मिळालं ते सांगितलं." त्यांनी एक ग्लोव्ह ओढून काढला. "मी सोमवारी येऊ की नको, तेवढं सांगा."

फोन कट झाला का म्हणून ओंकारने वाकून बघितलं.

"सोमवारी नको," मालक म्हणाले.

वैशालीताईंनी डोळे मिटले.

"उद्या सकाळी या. मी गोडाऊन उघडून ठेवतो, सगळाच माल तपासू."